नाशिकचा गंगाघाट आणि जुनं गाव : दोन दिवसांत काय पाहावं, कसं फिरावं?

केवडा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन दोन दिवस नाशिकला जाते आहे. आई बहात्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण बसत-उठत चालते. लहानपणी ती तिच्या वडिलांबरोबर एकदा रामकुंडावर आली होती, त्यानंतर थेट आता.

मी स्वतः यापूर्वी दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा रिक्षा ठरवली आणि "दहा ठिकाणं, दोन तास" असं फिरून आले. घरी आल्यावर कुठलं देऊळ नदीच्या कुठल्या बाजूला होतं हेही सांगता येईना. या वेळी तसं नको आहे. त्र्यंबक, पांडवलेणी, द्राक्षबागा यातलं काहीही करायचं नाही. फक्त नदीचे दोन्ही काठ आणि जुनं गाव. कुठून सुरुवात करू? आईला झेपेल असं काय आहे? आणि खरोखर थांबून पाहण्यासारखं काय आहे?

तिवंधेकर

केवडाताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं सगळं लहानपण जुन्या नाशकातल्या तिवंध्यात गेलं. आता कॉलेजरोडला राहतो, पण आठवड्यातून दोनदा तरी गंगेवर गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधी हेच सांगतो, की आमच्याकडे कोणी "गोदावरीवर जाऊन येतो" म्हणत नाही, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. तिथे रस्ता विचारताना गंगाघाट म्हणा, लगेच सांगतील.

दुसरं म्हणजे देवळांची यादी करू नका. नदी कशी वळते ते आधी बघा, बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. पश्चिमेकडून आलेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्या वळणाच्या डाव्या काठाला पंचवटी, उजव्या काठाला जुनं नाशिक. पंचवटीत देवळं, धर्मशाळा, उपाध्यायांची घरं. समोरच्या काठावर बाजार, वाडे, तांबट, सराफ. एका काठावर गावाचा देव्हारा, दुसऱ्या काठावर गावाचा संसार. दोन्ही पाहिले तरच नाशिक पाहिलं असं मी म्हणेन. रिक्षावाले फक्त पहिला काठ दाखवतात.

सुरुवात रविवार कारंज्यापासून करा. तिथून होळकर पुलाकडे उतरलात की कोपऱ्यावर सुंदरनारायण मंदिर लागतं. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. मूर्तीवर २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट येतील अशी त्याची रचना आहे. दगड फार झिजला होता, म्हणून पुरातत्त्व विभागाने दगड उतरवून पुन्हा बांधायचं मोठं काम हाती घेतलं. तुम्ही जाल तेव्हा कितपत उघडं असेल ते तिथेच कळेल, पण कमानी बाहेरून तरी नक्की बघा. देवळाच्या कमानींवर मुसलमानी वास्तुकलेची छाया इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. जवळच कपूरथळ्याच्या महाराजांचं स्मारक आहे. ते १८७० मध्ये विलायतेला जाताना एडनजवळ वारले. पंजाबातल्या संस्थानिकाचं स्मारक नाशिकला का, असं लोक विचारतात. त्यांचे अंत्यसंस्कार इथे झाले, म्हणून.

मग पूल ओलांडा आणि रामकुंडावर उतरा. कुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकरांनी बांधलं, पुढे माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर अजून वाफाळत असलेलं पाणी, ओल्या धोतरांचा वास, तांब्या पायरीवर ठेवल्याचा ठण् आवाज, असं सगळं एकदम भेटतं. दहानंतर गर्दीत यातलं काही कळत नाही. त्याच कुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू यांच्या अस्थींचं विसर्जन इथे झालं आहे. माझ्या वडिलांचंही इथेच.

रामकुंडाच्या वर पायऱ्या चढून कपालेश्वर. महादेवासमोर नंदी नाही असं हे देऊळ. कथा अशी, की ब्रह्महत्येच्या पापातून सुटायला रामकुंडात स्नान करावं हे शंकराला नंदीने सांगितलं. म्हणजे नंदी गुरू झाला, आणि गुरूला समोर बसवून घ्यायचं नाही. आईंना पायऱ्या झेपणार नसतील तर त्यांना खाली बसवून ही गोष्ट सांगा, तेवढंही पुरे.

पुढच्या प्रतिसादात काळाराम आणि समोरचा काठ लिहितो. आत्ता जेवायला बोलावलं आहे.

चहापोहे

तिवंधेकर काका, मस्त. पुढचं येईपर्यंत खाण्याचं मी सांगतो. मेन रोडला सायंतारा, साबुदाणा वडा. उपासाला खातात तसला मऊ वडा नाही, बाहेरून कुरकुरीत आणि आत मोकळा. जिलेबी बुधाची. कोंडाजी चिवडा घरी नेण्यासाठी. मिसळीवर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

पिंपळपान

काळाराम मंदिराबद्दल काका लिहितीलच, पण एक गोष्ट मला माझ्या शब्दांत सांगायची आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो लोक मिरवणुकीने आले आणि देवळाचे दरवाजे बंद होते. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांनी हा लढा पुढे चालवला. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

माझ्या आजीची आई सत्याग्रहाला आली होती. देवळात पाय ठेवायला मिळाला नाही, दरवाज्यासमोर बसून राहिली. आजी सांगायची, की पायाखालची फरशी इतकी तापायची की पदराची घडी करून त्यावर बसायचे. मी काळाराम मंदिरात जाते तेव्हा आधी दरवाज्याबाहेर थांबते, खाली बघते, आणि मग आत जाते. केवडाताई, तुम्हीही दोन मिनिटं दरवाज्यापाशी थांबा. तिथे गाइड हे सांगेलच असं नाही.

तिवंधेकर

पिंपळपान, मनापासून आभार. हे माझ्या हातून इतकं नीट लिहून झालं नसतं. केवडाताई, काळाराम आतून बघाल तेव्हा हे आधी वाचलेलं असू द्या.

देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. काम १७९० च्या आसपास पुरं झालं, बारा वर्षं चाललं असं सांगतात. दगड रामशेजच्या डोंगरातला, काळाभोर. या दगडाची गंमत पावसात कळते, पण डिसेंबरच्या उन्हातही कडेच्या ओवरीत बसलात तर गारवा लागतो. ओवऱ्यांच्या कमानी एकामागोमाग एक अशा ओळीने दिसतात, तिथे सावलीत बसायला भरपूर जागा आहे. आईंसाठी ही सगळ्यात चांगली जागा. रिक्षा देवळाच्या अगदी जवळ जाते, म्हणजे घाटावरून चढून यायची गरज नाही.

शेजारी सीता गुंफा आणि पाच वडांची जागा, जिच्यावरून पंचवटी हे नाव. गुंफेत वाकून, जवळजवळ रांगत उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर अजिबात जाऊ नका. मी माझ्या आईला एकदा नेलं होतं आणि मागून रांग लागलेली असल्याने तिला मध्येच परत फिरता आलं नाही. फार घाबरली होती. तेव्हापासून मी कोणालाही आग्रह करत नाही.

जाता जाता, संगीताची आवड असेल तर पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम आहे हे लक्षात ठेवा. आयुष्याच्या उत्तरार्धात ते इथे होते.

मोडीवेडा

नारोशंकराकडे येणार आहात ना? तिथे थोडं तपशिलात लिहा, तो भाग माझ्या आवडीचा आहे.

तिवंधेकर

आलोच. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, रामसेतू पुलाजवळ नारोशंकराचं मंदिर. खरं नाव रामेश्वर. १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. तटबंदीच्या दारावर ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयातून पोर्तुगीजांच्या ज्या घंटा आल्या त्यातली ही एक. पोर्तुगीज चर्चमधली घंटा नदीकाठच्या शिवमंदिरावर कशी, याचं उत्तर हे आहे. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. खालून नीट दिसत नाही, दुर्बीण असेल तर न्या. मोठ्या आवाजाच्या माणसाला आमच्याकडे नारोशंकराची घंटा म्हणतात.

मंदिराचं शिखर बघताना घाई करू नका. एका मोठ्या शिखरावर तशीच छोटी छोटी शिखरं चिकटत वर गेली आहेत, मध्ये प्राणी, साधू, वाद्यं वाजवणारी माणसं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ऊन तिरपं पडतं तेव्हा हे सगळं उठून दिसतं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पात्राच्या काठावर दुतोंड्या मारुती उभा आहे. एक मोठी मूर्ती, दोन्ही बाजूंना तोंड. बाहेरगावचे लोक नमस्कार करून पुढे जातात. आमच्यासाठी मात्र तो पुराचा मोजमापक आहे. पावसाळ्यात वरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घराघरात एकच प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठपर्यंत?" गुडघ्याला असेल तर मुलं बघायला जातात. कमरेला आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर उचलायला लागतात. छातीला आलं की भांडी बाजारातही लगबग. गळ्याला आलं की मग मोठ्या पुरांच्या आठवणी निघतात. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. २ ऑगस्ट २०१६ ला मी स्वतः दहीपुलाच्या अलीकडे उभं राहून बघितलं, पाणी बाजारात शिरलेलं आणि पुढे वाहणारी टपरी. कुठलंही यंत्र नाही, आकड्यांची पट्टी नाही, आणि तरी सगळ्या गावाला एका वाक्यात कळतं.

डिसेंबरमध्ये मारुती कोरडा असेल. पण त्याच्यासमोर उभं राहून वर सराफ बाजाराकडे बघा आणि अंदाज करा, त्याच्या छातीची उंची गल्लीत कुठपर्यंत येईल. मग जुन्या घरांची जोती इतकी उंच का, ते कळेल.

केवडा

काका, अंगावर काटा आला वाचताना. मी दोनदा त्या मारुतीसमोरून गेले आणि काही कळलं नव्हतं.

एक विचारते. आई म्हणते की तिच्या वडिलांनी तेव्हा उपाध्यायांकडे वहीत नाव लिहिलं होतं. असं खरंच अजून मिळतं का?

मोडीवेडा

हो, मिळतं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव यावरून उपाध्याय ठरलेले असतात. तुम्हाला आईंच्या माहेरचं मूळ गाव, आडनाव, शक्य असेल तर आजोबा-पणजोबांचं नाव माहीत हवं. घाटावर विचारत गेलात तर अमुक गावचे उपाध्याय कोण ते सांगतात. जुन्या नोंदी बहुतेक मोडी लिपीत असतात. यात्रेकरू स्वतःच्या हाताने लिहीत असत, कोण सोबत आलं, कोणाचं श्राद्ध केलं, घरात मुलं किती. सही स्वतःची. इतिहासाच्या दृष्टीने हे फार मोठं धन आहे आणि ते अजून खाजगी घरांमधल्या कापडी बासनांत आहे.

दोन सूचना. दक्षिणा किती ते आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. मला एकदा एका घरी शेवटी मोठी रक्कम सांगितली गेली आणि मन खट्टू झालं. दुसऱ्या घरी मात्र वृद्ध उपाध्यायांनी दीड तास वह्या उलगडून दाखवल्या आणि एक पैसा मागितला नाही. आणि पानावर हात फिरवू नका, कागद तुटतो. फोटो काढायची परवानगी मागा, सहसा देतात. फोटो इथे टाकलात तर मी वाचून देईन.

दूरदेशी

मी लेस्टरला राहते. वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन नाशिकला आले होते. विमानतळावरून सरळ घाटावर. तो दिवस इतका धावपळीचा होता की मी कुंडाखेरीज काही पाहिलं नाही, पाहायचं मनही नव्हतं. विधी आटोपल्यावर आम्हाला घाटावरच्या एका बाईंनी, कुंकू-फुलं विकतात त्यांनी, न विचारता पाणी दिलं आणि बसायला पोतं दिलं. तेवढंच नाशिक माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी परत येणार आहे, या वेळी फिरायला. म्हणून हा धागा जपून ठेवते आहे. काका, उजव्या काठाचं लिहा ना.

तिवंधेकर

दूरदेशी ताई, या. आणि बुधवारी या. गोदाघाटावर बुधवारी आठवडे बाजार भरतो, घाटाचा खरा रंग तेव्हा दिसतो.

उजवा काठ. रामसेतूवरून चालत पलीकडे आलात की यशवंतराव महाराजांचं पटांगण. देव मामलेदार म्हणून ज्यांना ओळखतात ते हे यशवंतराव महाराज. सटाण्याचे मामलेदार असताना दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. १८८७ मध्ये नाशिकलाच त्यांचा देह पडला. इथे मंदिर आहे आणि समोरच्या पटांगणावर दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. नदीचा वारा, तापलेल्या दगडांचा उतरत जाणारा उन्हाळा आणि समोर वक्ता. मी ऐकलेली सगळ्यात चांगली भाषणं या पायऱ्यांवर बसून ऐकली आहेत. बसायला मोकळी जागा हवी असेल तर आईंसाठी संध्याकाळी इथे या. पलीकडच्या काठावर दिवे लागलेले दिसतात.

पात्रात अलीकडे-पलीकडे जायला जे दगडी बंधारे होते त्यांना सांडवा म्हणतात. त्यावरच राजेबहाद्दरांची सांडव्यावरची देवी आहे. लहान देऊळ, पण नाव किती नेमकं, बघा.

वर चढलात की सराफ बाजार आणि सरकारवाडा. पेशवेकालीन वाडा, लाकडी खांब आणि नक्षी. आत जाता आलं तर बघा, नाहीतर दारापाशी उभं राहून पायऱ्या बघा. मोठ्या पुरात पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं हे मारुतीनंतरचं दुसरं माप आहे. इथून पुढे भांडी बाजार. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची असतील तर इथेच घ्या. तांबट लेनमध्ये आता फार थोडी घरं हाताने काम करतात. पण एखाद्या बोळातून ठोक्यांचा आवाज आला तर थांबा. हंड्याच्या पोटावर एकसारखे मठार, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, पाडत नेण्यासाठी कारागीर हंडा स्वतः फिरवत असतो, हातोडी एकाच जागी पडत असते. मी लहान असताना तासन्तास बघत बसायचो. हातोडी हलते असं वाटायचं, पण हलत असायचा हंडा.

आमचा तिवंधा त्याच्या पलीकडे. तिथे चौकात काही दिसणार नाही, साधा रस्ता दिसेल. पण त्या रस्त्याखाली रहाड आहे.

पळसफूल

रहाडीचं मी सांगू का? माझ्या माहेरचा विषय आहे.

नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाड. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, जमिनीखाली. वर्षभर वर लाकडी ओंडके-फळ्या टाकून माती घालून बुजवलेले असतात. वरून गाड्या जातात. फाल्गुन वद्य पंचमीच्या आधी उकरायचे, साफ करायचे, पाणी भरायचं आणि रंग तयार करायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. फुलांपासून, झाडांपासून काढलेला रंग मोठ्या कढयांत उकळतात, त्याचा वास दोन गल्ल्या अलीकडून येतो. मानकऱ्यांनी पूजा केली की मग धप्पा. म्हणजे वरून रहाडीत उडी. ज्याने उडी मारली त्याच्यामुळे काठावरचे सगळे न्हाऊन निघतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन आणि पंचवटीत शनी चौक, या रहाडी तर ठरलेल्या. भाऊ सांगायचा की रंग अंगावरून आठवडाभर जात नाही आणि अंगाला ऊनही लागत नाही.

मुली आम्ही गच्चीवरून बघायचो. आता माझी भाची उडी मारते. मला बघताना खूप बरं वाटलं.

केवडाताई, डिसेंबरमध्ये ही गोष्ट दिसणार नाही, पण तिवंधा चौकात उभं राहिल्यावर आपल्या पायाखाली आठ-दहा फूट खोल हौद आहे हे माहीत असलं तर तो चौक वेगळा दिसतो.

मोडीवेडा

जमिनीखालचंच बोलायचं तर अजून एक. कुंभारवाड्याच्या बाजूला नदीच्या उंच काठावर जुनी मातीची गढी आहे, काझी गढी म्हणतात. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला उत्खनन केलं. त्यात सातवाहन काळाच्याही खालच्या थरात ताम्रपाषाण युगातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे राम मंदिर, पेशवे, वाडे हे सगळं वरचं. या काठावर माणसं तीन हजार वर्षांच्या आधीपासून राहत आली आहेत. गढी आता पावसाळ्यात ढासळते, वर लोकांची घरं आहेत आणि दर वर्षी त्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून तिथे चढू नका, कडेवर जाऊ नका. पलीकडच्या काठावरून पाहिलीत तरी चालेल. मातीच्या भिंतीत खापराचे थर डोळ्यांना दिसतात.

त्याच भागात पिंजारघाटाकडे बडी दर्गा आहे, सय्यद सादिकशाह हुसैनी यांची. गुरुवारी सगळ्या धर्मांची माणसं येतात. या शहराचं मुघल काळातलं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलांची वसाहत. फक्त पंचवटी बघून गेलेल्यांना हा काठ कधीच कळत नाही.

पिंपळपान

अभिनव भारत आणि विजयानंद थिएटर कोणी लिहिलंच नाही. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली ती या जुन्या गावातल्या विजयानंद नाट्यगृहात, नाटक बघायला आलेला असताना. सावरकर बंधूंची क्रांतिकारी संघटना अभिनव भारत तीळभांडेश्वर गल्लीतली. या दोन जागांमध्ये फार तर काही मिनिटं चालावं लागतं. एकाच गावात, वीस वर्षांच्या अंतराने, दोन अगदी वेगळे लढे झाले. मला दोन्ही माहीत असावेत असं वाटतं.

तिवंधेकर

बरोबर. तिथे न्यायचं राहिलं होतं.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून खंत आहे, ती इथे लिहितो. पात्रात रामकुंडाप्रमाणे इतरही कुंडं आहेत, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड अशी. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली तरी काही कुंडांत तळातून पाणी झिरपत राहायचं, बुडबुडे दिसायचे. नंतर तळाला काँक्रीट ओतलं गेलं. जिवंत झरे त्याखाली गेले. ते काढा म्हणून गावातली माणसं वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, कोर्टात गेली आहेत. आता सिंहस्थ जवळ आला आहे, २०२७ ला पर्वणी आहे, घाटावर पुन्हा कामं सुरू आहेत. केवडाताई, काही ठिकाणी खोदकाम, पत्रे, अडथळे असतील. आईंना हात धरून न्या. आणि नव्या फरशीवरून चालताना जुना झिजलेला दगड दिसला तर त्यावर पाय ठेवून बघा, मधोमध खोलगट झालेला असतो.

बेत असा करा. पहिल्या दिवशी सकाळी सहाला रामकुंड, मग रिक्षाने काळाराम, दुपारी विश्रांती, संध्याकाळी नारोशंकर आणि आरती. दुसऱ्या दिवशी आई खोलीवर आराम करतील तेव्हा तुम्ही एकट्या सराफ बाजार, भांडी बाजार, तिवंधा पायी फिरा. संध्याकाळी दोघी यशवंतराव महाराज पटांगणावर. नामावळीसाठी दुपार ठेवा, सकाळी उपाध्याय विधींत असतात.

चहापोहे

आणि मध्ये साबुदाणा वडा.

केवडा

परत आले. उशीर झाला लिहायला, कारण आल्यावर आईला सर्दी झाली. आता बरी आहे.

काका, तुमच्या बेताप्रमाणेच फिरलो. सकाळी सहाला आईने रामकुंडात पाय बुडवून बसायचं ठरवलं आणि पाऊण तास उठलीच नाही. पिंपळपान, काळाराम मंदिराच्या दरवाज्याबाहेर आम्ही दोघी थांबलो. आईला मी तुमच्या पणजीचं सांगितलं. तिने चपला काढून फरशीवर हात टेकवला. बोलली काही नाही.

दुतोंड्या मारुतीची छाती आणि सराफ बाजाराची गल्ली, दोन्ही फोटो काढून ताडून बघितले. भांडी बाजारात एक जुना गडवा घेतला. तांबट लेनमध्ये आवाज ऐकू आला, पण दार अर्धं बंद होतं, म्हणून आत डोकावले नाही.

आणि नामावळी मिळाली! तीन घरं विचारल्यावर. बासन उघडलं तेव्हा आईच्या माहेरच्या गावाचं नाव पुठ्ठ्यावरच होतं. एक पान मोडीत आहे, मला फक्त शेवटची सही ओळखता आली, कारण ती बाळबोध, म्हणजे देवनागरीत आहे. उपाध्याय गुरुजींनी शके १८४२ असं सांगितलं. फोटो टाकते आहे. मोडीवेडा, वाचाल का?

मोडीवेडा

फोटो छान आला आहे. वाचतो.

"शके १८४२ भाद्रपद मास. श्रीक्षेत्र नासिक येथे सिंहस्थानिमित्त आलो. पिंडदान वडिलांचे केले. समागमे पत्नी व पुत्र एक, वय वर्षे ५. पुढे आमचे वंशजांनी हेच उपाध्ये मानावे." मग सही.

म्हणजे इसवी सन १९२०. सही करणारे आईंचे आजोबा असणार.

केवडा

पाच वर्षांचा तो मुलगा म्हणजे आईचे वडील. आत्ताच तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, बाबा सांगायचे की त्यांना त्या यात्रेतलं फक्त एक आठवतं, त्यांची आजी त्यांना कडेवर घेऊन पाण्यात उतरली होती. आईला विचारायचं आहे, की आजीचा उल्लेख कुठे आहे का?

मोडीवेडा

डाव्या समासात उभं काहीतरी लिहिलेलं आहे. "मातुश्री" एवढं स्पष्ट आहे, पुढचं नाव फोटोच्या कडेला कापलं गेलंय. गुरुजींचा नंबर घेतला असेल तर त्यांना पूर्ण पानाचा फोटो मागा.